उसने जंतू

एकोणीसशे शहाण्णव साली वहिनींच्या यजमानांचं अपेंडिक्स पोटातल्या पोटात फुटलं, म्हणून ते साल पक्कं लक्षात राहिलं. एरवी त्या घरात वर्षं माशांवरून ओळखायची पद्धत होती. पंप जळला ते वर्ष, पिल्लं दगावली ते वर्ष, नव्या टाक्यांचं वर्ष.

वहिनी म्हणजे घरातली थोरली सून. धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणायचा. त्याचं ऐकून दूधवाला म्हणायला लागला, दूधवाल्याचं ऐकून अख्खी गल्ली. खुद्द नवराही कामाच्या नादात कधीतरी "अहो वहिनी, ती जाळी द्या" असं म्हणून जायचा आणि मग दोघंही टाकीच्या काठावर बसून पोट धरून हसायची. यजमानांना सगळे थोरले म्हणत. धाकट्या दिराचं चौकात औषधांचं दुकान होतं आणि चौथ्या सासूबाई. एवढंच घर.

घरामागे पत्र्याची लांबट शेड होती आणि तिच्यात गोल टाक्या. थोरले तिलापिया सांभाळायचे, पण मोठे करून बाजारात पाठवण्यासाठी नाही. ते आया सांभाळायचे. आया म्हणजे अंड्यांवर येणाऱ्या माद्या. ही मादी मोठी नवलाची. अंडी तोंडात धरून ठेवते आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत स्वतः घास घेत नाही. त्या पिल्लांसाठी लांबलांबचे मासेवाले थोरल्यांकडे येत. भराभर वाढणाऱ्या, एकमेकींना न चावणाऱ्या माद्या त्यांनी वर्षानुवर्षं निवडून ठेवल्या होत्या. त्यांच्या मुली, मुलींच्या मुली. तशी जात कुणाकडेच नव्हती. ती हातची गेली असती तर पुन्हा उभी करायला थोरल्यांना दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

शेडमधलं पाणी तेच तेच फिरे. टाकीतून निघालेलं पाणी आधी एका पिंपात थांबे, तिथे गाळ खाली बसे. तिथून ते दुसऱ्या पिंपात जाई. त्यात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची चाकं भरलेली असत, शेकड्यांनी, आणि खालून हवा सोडल्यामुळे ती सारखी घुसळत असत. मूळची पांढरी, पण वर तपकिरी बुळबुळीत थर चढलेला. कुणी पाहुणा आला की थोरले मूठभर चाकं उचलून त्याच्या नाकाखाली धरत.

"ही माझी माणसं," ते म्हणत. "माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, विषच ते. हे जंतू ते खातात आणि पाणी निवळून देतात. पगार नाही, सुट्टी नाही, तोंड वर करून बोलणं नाही."

"सुनेसारखेच की," वहिनी मागून म्हणत.

तिथून पाणी एका लांब पन्हळीत जाई. तिच्यात कोबीच्या गड्ड्यासारख्या तरंगणाऱ्या वनस्पती आणि टिकलीएवढ्या पानांचा हिरवा गालिचा. जंतूंच्या हातून जे सुटे ते ह्यांची मुळं शोषून घेत. सासूबाई त्या सगळ्याला सरसकट शेवाळ म्हणायच्या. दिसलं की उपटायला त्यांचे हात शिवशिवत, म्हणून त्यांना शेडमध्ये एकटं सोडत नसत.

थोरल्यांचा एक नियम होता आणि त्यात ते कुणाचं ऐकत नसत. दुसऱ्याच्या शेडमधलं काहीही आपल्या शेडमध्ये यायचं नाही. जाळी नाही, बादली नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. रोग असाच पसरतो. दाराशी गुलाबी औषधाच्या पाण्याची उथळ कुंडी होती. तिच्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, मग तो कुणी का असेना.

ह्याच नियमावरून भोंग्याशी वाजलं होतं. पलीकडच्या रस्त्यावर त्याचीही शेड होती. आवाज असा की तो कानात कुजबुजला तरी चार घरं ऐकत, म्हणून भोंगा. एकदा हा गडी स्वतःच्या टाकीतून निघाला तो तसाच ओल्या बुटांनी थोरल्यांकडे जाळी मागायला आला. शेडमध्ये गिऱ्हाईकं होती. त्यांच्यादेखत थोरल्यांनी त्याला दारातच अडवलं आणि आल्या पावली परत पाठवलं. भोंगा जाताना जे बोलला ते चौकात औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत.

तर त्या वर्षी थोरले इस्पितळात पडले. दुखणं त्यांनी अंगावर काढलं होतं. पोट दाबून धरून टाक्या धुत राहिले आणि शेवटी शेडमध्येच कोसळले. ऑपरेशन झालं, पण विष पोटभर पसरलं होतं. ताप उतरेना. डॉक्टर स्पष्ट काही बोलेनात. शेवटी त्यांनी एक भारी इंजेक्शन लिहून दिलं, ते गावात मिळेना. धाकटे भावोजी दुकान उघडं टाकून धावले, घाऊक विक्रेत्यांच्या दारोदार फिरले आणि कुठूनसं घेऊन आले. ते दिल्यावर ताप उतरला. थोरल्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "मासे खातायत का?"

वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून भावोजींचा मात्र जंतू मारणाऱ्या औषधांवर असा विश्वास बसला की विचारू नका. कुणी शिंकलं तरी ते कपाटाकडे बघत.

शेड वहिनींच्या गळ्यात आली. नवऱ्याच्या हाताखाली त्यांनी खूप केलं होतं, पण एकटीनं कधी केलं नव्हतं. तरी त्या सकाळी उठून दाणा टाकत, गाळ सोडत, पंपाचा आवाज ऐकत. इस्पितळात गेल्या की थोरले खाटेवरून परीक्षा घेत. जेवतानाही वहिनींच्या डोक्यात टाक्याच असायच्या. अशाच एका जेवणात त्या बोलून गेल्या की आयांच्या शेपट्या कडेनं पांढऱ्या पडल्यात, झिजल्यासारख्या दिसतायत.

भावोजींनी ते ऐकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वहिनी इस्पितळातून परतल्या तेव्हा ते शेडच्या दारात हात पुसत उभे होते. चेहरा असा, जणू गड जिंकून आलेत.

"वहिनी, काळजी सोडा. दादाला जे लागू पडलं त्याच जातीचं औषध. कॅप्सुला फोडून बादलीत विरघळवलं आणि सगळ्या टाक्यांत सोडलं."

वहिनींना भरून आलं. हा मुलगा माशांना कधी हात लावायचा नाही, वासानं नाक मुरडायचा, आणि आज दादासाठी बाह्या वर करून टाकीत उतरला होता. त्या म्हणाल्या, "भावोजी, तुमचे उपकार कसे फेडू हो?" आणि मनापासून म्हणाल्या.

शेपट्या खरंच सुधारल्या. पांढरी कड गेली. पण मग मासे दाणा टाकला तरी वर येईनात. पाण्याला एक उग्र, डोळ्यांत चुरचुरणारा वास येऊ लागला. मासे जिथे पाणी पडतं तिथे गर्दी करून तोंडं वर काढू लागले. पाणी तपासायची बाटली वहिनींना माहीत होती. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर बरं, हिरवं झालं तर वाईट. त्यांनी थेंब टाकले. नळी गर्द हिरवी झाली. हात थरथरला असेल, थेंब जास्त पडले असतील, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

त्या दिवशी इस्पितळात थोरल्यांनी विचारलं, "आया खातायत का?"

"खातायत."

"कशा खातायत? वर उडी मारून की खालीच?"

"तुमच्यापेक्षा बऱ्या खातायत. पेज संपवा ती."

थोरले हसले, पोटाला टाके होते म्हणून लगेच कळवळले. खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आली होती. वहिनींनी ठरवलं की ह्या माणसाला आत्ता हे सांगायचं नाही. मग विचारायचं कुणाला? माशांतलं कळणारा दुसरा माणूस एकच होता.

"त्याच्या दारात जाणार तू?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या माणसानं चारचौघांत हाकलून दिलं त्याला. तो तुला ओवाळणार आहे का?"

"नाही ओवाळलं तर परत येईन."

"आणि बोलला काही?"

"तर तुम्हाला इथे बसल्या ठिकाणी ऐकू येईलच की, आई."

भोंग्याच्या शेडशी पोहोचल्या तर आतून गर्जना झाली, "थांबा! तिथेच थांबा!" वहिनींना वाटलं, झालं, आता सगळं बाहेर येणार. पण भोंगा हात पुसत आला आणि खाली बोट दाखवून म्हणाला, "आधी पाय बुडवा, वहिनी. मग या."

दाराशी कुंडी होती, गुलाबी पाण्याची. हुबेहूब घरच्यासारखी. वहिनी बघतच राहिल्या.

"नक्कलच केलीय," भोंगा म्हणाला. त्याच्या मानानं आवाज अगदी खाली होता. "तुमच्या थोरल्यांनी मला हाकललं ना, त्यानंतर माझ्या दोन टाक्या रोगानं बसल्या, मासे गेले. म्हणजे मी आलो तेव्हा तो रोग माझ्या बुटांवर होता, वहिनी. मी तुमच्याकडे पाऊल टाकलं असतं तर तुमच्या आया गेल्या असत्या. शिव्या घातल्या त्या घातल्याच मी, पण घरी येऊन कुंडी बांधली. त्यानंतर काही आलं नाही माझ्याकडे. हे त्यांना जाऊन सांगावं असं कितीदा मनात आलं. तोंड उघडलं नाही."

"एवढं मोठं तोंड असून?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

भोंगा हसला तसे टाकीतले मासे दचकून तळाशी गेले. मग त्यानं विचारलं, "काय झालंय?"

वहिनींनी सांगितलं. वास, हिरवी नळी, वर आलेली तोंडं. भोंगा ऐकत होता. "पाण्यात काही टाकलंत?" त्यानं विचारलं. वहिनी म्हणाल्या, काही नाही, दाणा टाकते तोच, आणि शेपट्यांसाठी भावोजींनी औषध दिलं तेवढंच.

"कसलं?"

"जंतू मारायचं. ह्यांना दिलं त्यातलंच."

भोंगा उलट्या बादलीवर बसला. 

"जंतू मारायचं," तो म्हणाला. "आणि चाकांच्या पिंपात राबतात ते कोण आहेत, वहिनी?"

 इतकी वर्षं नवरा पाहुण्यांच्या नाकाखाली मूठ धरून जे सांगत होता ते त्यांना पाठ होतं, आणि तरी हे दोन आणि दोन त्यांनी एकत्र केले नव्हते. चाकांवरची तपकिरी माणसं मेली होती. माशांची घाण तशीच फिरून त्यांच्याच तोंडात जात होती.

"मीही हेच केलंय," भोंगा म्हणाला. "टाक्या बसल्या तेव्हा. म्हणून वासावरून ओळखलं. दाणा आजपासून बंद. खाल्लं नाही तर घाण कमी. जमेल तेवढं पाणी बदला. औषध पाण्यातून निघायला हवं, त्याला दाणेदार कोळसा लागतो, पाणी गाळायचा. ते निघालं की मग जंतू. नव्यानं वाढवायला बसलात तर महिना-दीड महिना लागेल. तेवढे दिवस तुमचे मासे काढणार नाहीत. माझ्या पिंपातली चाकं देतो. जित्ती आहेत."

देतो म्हणाला आणि मग स्वतःच थांबला. थोरल्यांचा नियम त्यालाही ठाऊक होता, वहिनींनाही. दोघं त्या नियमाच्या दोन बाजूंना उभी असल्यासारखी एकमेकांकडे बघत राहिली.

"खात्री देत नाही," भोंगा म्हणाला. "माझे मासे धडधाकट आहेत. पण डोळ्यांना न दिसणारं काही त्या चाकांवर असलं, तर ते तुमच्याकडे येईल. उद्या थोरले म्हणतील, भोंग्यानं सूड उगवला."

न घ्यावीत तर आया जाणार हे नक्की होतं. घ्यावीत तर कदाचित आत्ता वाचतील आणि पुढे रोगानं जातील. आणि नियम मोडणारी त्यांची बायको असेल, ते खाटेवर पडलेले असताना. वहिनींनी शेडभर नजर फिरवली. मग विचारलं, "भाऊ, तुमच्या सगळ्यात लहान पिल्लांना कुठल्या पिंपाचं पाणी जातं?"

"ह्याच. जे देणार म्हटलं त्याच."

"पिल्लं बरी आहेत?"

भोंग्यानं त्यांना कोपऱ्यातल्या टाकीशी नेलं. राईएवढी पिल्लं झुंडीनं वळत होती.

"मग द्या," वहिनी म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी भावोजींना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. सांगितल्याशिवाय सुटका नव्हती, औषध किती सोडलं ते त्यांनाच माहीत होतं. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. "मी दादाचे मासे मारले," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले.

"अजून मेले नाहीत. आणि तुम्ही इथे बसून जगणारही नाहीत. तुमच्या घाऊकवाल्यांकडे दाणेदार कोळसा मिळतो का?"

मिळत होता. भावोजी पुन्हा दुकान उघडं टाकून धावले. कोळसा घालायला पिशव्या लागणार होत्या. सासूबाईंनी न बोलता स्वतःच्या उशांचे अभ्रे काढून दिले, कडेला वेलबुट्टी भरलेले, लग्नातले. ते कोळशानं भरून पाण्याच्या वाटेत टांगले. ते पुन्हा कधी पांढरे झाले नाहीत.

पाणी ही दुसरी पंचाईत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो उडून जायला पाणी दिवसभर उघड्या भांड्यात ठेवावं लागतं, नाहीतर उरलेसुरले जंतूही जायचे. घरातली भांडी किती पुरणार? वहिनी गल्लीत दारोदार गेल्या. शिंप्यानं पिंप दिलं, शेजारच्या शिक्षिकेनं न्हाणीघरातला टब दिला. नवरा ओरडला तर तिनं त्याला सुनावलं, "चार दिवस बादलीनं न्हा, झिजत नाही तू." धोब्याची घंगाळं मात्र वहिनींनी हात जोडून परत केली, साबणाचा अंश नको म्हणून. तो चिडला. "माझ्या भांड्यांना साबण? मी कपडे धुतो ते काय मातीनं?" आणि मग दिवसभर स्वतःच्या हातांनी बादल्या वाहत राहिला. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळीकडे आभाळाच्या गोल गोल चकत्या पडल्यासारखं पाणी.

तरी मासे जातच होते. आधी नर गेले. वहिनी जाळीनं काढत आणि दुसऱ्या बाजूला बघत. एका आईनं तोंडातली अंडी टाकून दिली, ती तळाशी पिवळ्या मण्यांसारखी पडली. सासूबाई स्टूल घेऊन टाकीशी येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या कधी टाकीत डोकावल्या नव्हत्या.

"ही गालफडं फुगवून का बसलीय?" त्यांनी विचारलं.

"अंडी आहेत तोंडात, आई. हिनं धरून ठेवलीत अजून. अशा आणखी आहेत."

"म्हणजे बाळंतिणीच की गं ह्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि खात नाहीत?"

"नाही."

सासूबाई मग तिथून उठल्याच नाहीत. जेवणाचं ताटही तिथेच मागवलं आणि पुन्हा तसंच परत पाठवलं.

नळीतला हिरवा रंग जरा निवळला तेव्हा वहिनींनी निरोप धाडला. भोंगा हातगाडी ढकलत आला. गाडीवर ओली पोती होती, त्यांवर ओली चादर. चाकं वाळली की जंतू मरतात, म्हणून वाटेत थांबून थांबून त्यानं पाणी शिंपडलं होतं. पोत्यांत चाकं, निळी, तपकिरी थर चढलेली. शिवाय दोन टोपल्या भरून तरंगणाऱ्या वनस्पती, मुळं लांब काळ्या केसांसारखी लोंबत होती. जंतूंना जम बसायला वेळ लागतो, तोवर ह्या मुळांनीही विष ओढून घ्यावं म्हणून.

कुंडीत पाय बुडवून तो दारातच उभा राहिला. इतकी वर्षं ह्या दारातून आत त्याचं पाऊल पडलं नव्हतं.

"या ना," वहिनी म्हणाल्या.

पोती उचलताना त्यांच्या लक्षात आलं की ही मूठभर नव्हेत. "भाऊ, हे किती आणलंत?"

"निम्मी."

"निम्मी? आणि तुमचे मासे?"

"उपाशी ठेवलेत. सांगितलंय त्यांना, आपले जंतू पाहुण्यांकडे गेलेत, येतील सवडीनं."

 भोंगा पिंपावर वाकून चाकं सोडत होता. निळी आणि पांढरी एकमेकांत मिसळून घुसळू लागली. वहिनींनी पन्हळीत वनस्पती सोडल्या. सासूबाईंनी स्टुलावरून सुनावलं, "नीट पसर गं ते शेवाळ. एकावर एक नको. त्याला ऊन लागू दे."

त्यानंतरचे दिवस वाट बघण्याचे होते. सकाळी थेंब टाकायचे, संध्याकाळी टाकायचे. गर्द हिरव्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पोपटी. भोंगा रोज येऊन जाई. पोपटी झाल्यावर चिमूटभर दाणा टाकायला सांगितला, जंतूंनाही खायला हवं म्हणून. भावोजी दुकान बंद केल्यावर येत, पन्हळीतली कुजकी पानं निवडत आणि कुणाशी बोलत नसत. एकदा भोंगा त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अहो डॉक्टर, मीही तेच केलं होतं. फरक एवढाच की मी त्यावर चार दिवस ऐटीत फिरलो." भावोजी पहिल्यांदा हसले.

आणि एका दुपारी वहिनी स्वयंपाकघरात असताना सासूबाईंची हाक आली, अशी की भोंग्यानं मान डोलवावी.

"सूनबाई! अगं ये लवकर! बाळंत झाली!"

वहिनी पिठाच्या हातांनी धावल्या. गालफडं फुगवलेल्या त्या आईनं तोंड उघडलं होतं. तिच्याभोवती पिल्लांचा धुरकट पुंजका तरंगत होता. वहिनी वाकल्या तशी सावली पडली. आईनं तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं पुन्हा आत शिरली. सावली हटली, पिल्लं पुन्हा बाहेर आली. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "सरक गं, घाबरवू नकोस तिला." वहिनींनी थेंब टाकले. नळी पिवळी झाली. त्यांनी ती तशीच हातात धरून भावोजींच्या दुकानापर्यंत नेली, भर चौकातून, उघड्या डोक्यानं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत काउंटरवर ठेवली. भावोजींनी पाहिली आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून गोळ्यांच्या कपाटात काहीतरी शोधत राहिले, बराच वेळ.

थोरले घरी आले ते भावाच्या खांद्याचा आधार घेऊन. घरात आधी गेलेच नाहीत, थेट शेड. कुंडीत पाय बुडवले. टाक्यांवरून नजर फिरवली, तेव्हाच त्यांना कळलं असणार की मासे कमी आहेत. मग चाकांच्या पिंपाशी आले.

"निळी कुठून आली?"

  मग भावोजी म्हणाले, "दादा, मी सांगतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःला जराही झुकतं माप दिलं नाही. वहिनी दोनदा मध्ये पडायला गेल्या, त्यांनी हातानं थांबवलं.

थोरले उलट्या बादलीवर बसले. भावाकडे बघत म्हणाले, "त्याच औषधानं मला जगवलंस ना तू? मग झालं तर. त्याला काय ठाऊक, कुठला जंतू आपला नि कुठला परका." मग बायकोकडे वळले. "आणि तू दुसऱ्याच्या शेडमधली चाकं घेतलीस."

"घेतली."

"काय बघून घेतलीस?"

"त्यांची सगळ्यात लहान पिल्लं त्याच पाण्यावर होती. ती बघून."

थोरल्यांनी मान हलवली. "मीही तेच विचारलं असतं," ते म्हणाले. वहिनींना ते वाक्य इतकं पुरलं की त्यानंतर त्यांना काही ऐकायची गरज उरली नाही. पण थोरले पिंपाकडे बघत होते. "किती दिली त्यानं?"

"निम्मी."

"निम्मी!" ते एकदम उखडले. "अक्कल आहे का त्याला? स्वतःचे मासे मारायचे होते का? असं कुणी करतं का?" आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. ऑपरेशनच्या वेळीही रडले नव्हते ते, ते तिथे बादलीवर बसून रडले. सासूबाईंनी स्टुलावरून हात पुढे केला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला.

भोंग्याला बोलावलं तर तो येईना. म्हणाला, थोरल्यांना बरं होऊ द्या, मग शिव्या खायला येतो. शेवटी थोरलेच काठी टेकत गेले. वहिनी सोबत होत्या. भोंग्याच्या दाराशी कुंडी बघून थोरले थबकले, मग पाय बुडवून आत गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत आले होते, त्यातलं काहीच निघालं नाही. "तुझी चाकं परत द्यायला आलो नाही," एवढं म्हणाले. "चांगली आहेत. राहू देतो."

"राहू द्या की," भोंगा म्हणाला, आणि चार घरांनी ऐकलं.

सासूबाई पुढे सहा-सात वर्षं होत्या. त्या स्टुलावरच बसून त्यांनी वनस्पती विरळ करायचं काम शेवटपर्यंत केलं. शेवाळ म्हणणं सोडलं नाही, पण दुसऱ्या कुणी उपटलं तर रागवायच्या. भावोजींचं दुकान चौकातून मोठ्या रस्त्यावर गेलं. आता त्यांचा मुलगा बघतो. माशांसाठी म्हणून कुणी औषध मागायला आलं की भावोजी स्वतः उठून काउंटरशी येत, खुर्ची देत, चहा पाजत, सगळी हकिकत विचारत आणि बहुतेकांना औषध न देताच परत पाठवत. भोंगा गेला त्याला बारा वर्षं झाली. शेवटी घशाचं दुखणं झालं आणि आवाज गेला. थोरले रोज जाऊन त्याच्याशेजारी बसत. दोघं पिल्लांच्या टाकीकडे बघत असत. त्याची शेड आता त्याची मुलगी चालवते आणि बापापेक्षा उत्तम चालवते. थोरले त्याच्यानंतर दोन वर्षांनी गेले, झोपेत, काही त्रास न होता. ज्या पोटानं त्यांना त्या साली इतकं छळलं, त्यानं पुढे कधी तक्रार केली नाही.

त्या आयांच्या मुलींच्या मुली आता किती शेडमध्ये आहेत ह्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. कुणी नवी शेड घातली की थोरल्यांकडून किंवा भोंग्याकडून ओल्या पोत्यातून चाकं जायची, आधी पिल्लं दाखवून. तीच पद्धत पडून गेली, आणि त्याबद्दल कुणी कधी काही मागितलं नाही.

वहिनी ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघ्यांमुळे शेडच्या पायऱ्या उतरता येत नाहीत. भोंग्याची मुलगी आठवड्यातून एकदा दोन्ही शेडचं पाणी तपासते आणि नळ्या आणून वहिनींच्या हातात देते. वहिनी त्या खिडकीशी धरतात, चष्मा वर करून बघतात, "पिवळं आहे गं, छान पिवळं," म्हणतात आणि तिला जेवायला थांबवून घेतात.